सार लेकराच्या हातचं हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात लातूरला चौथीत शिकते. मागच्या पंधरवड्यात चार दिवस लेकाकडं राहायला गेले, तेव्हा तिच्या दप्तरात एक जाड गठ्ठा दिसला. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, ‘सर्व विषयांचे महत्त्वाचे मुद्दे’. शाळेनं मोबाइलवर पाठवलेला, सूनबाईंनी झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेला. ४२ पानं भरली. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यासाचे दोन्ही भाग, सगळ्यांचं सार त्यात. नात रोज संध्याकाळी हातपाय धुऊन बसते आणि एकेक पान पाठ करते. पाठांतर तिचं चोख आहे, त्यात बोलायला जागा नाही. ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन कधी?’ म्हटलं की ‘१७ सप्टेंबर’. ‘साल?’ ‘१९४८’. मी सहज विचारलं, ‘मुक्त झालो ते कुणापासून गं?’ तिनं क्षणभरही विचार न करता सांगितलं, ‘इंग्रजांपासून.’

लेकराची चूक नाही. तिच्या पानावर हैदराबादच्या निजामाचं नावच नव्हतं. तारीख होती, खाली रेघ मारलेली होती, पुढं चौकटीत ‘परीक्षेसाठी महत्त्वाचे’ असंही होतं. माझ्या आईनं रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, धास्तीनं लहानपणी कित्येक रात्री ज्वारीच्या रानात काढल्या. तिच्या पणतीला त्या दिवसाची तारीख ठाऊक आहे आणि गोष्ट ठाऊक नाही. मला दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. १९८८ साली अहमदपूर तालुक्यातल्या एका तांड्यावर रुजू झाले, २०२३ मध्ये रेणापूर तालुक्यातून निवृत्त झाले. ३५ वर्षांतली निम्म्याहून जास्त द्विशिक्षकी शाळांत गेली. तेव्हा आधी एक गोष्ट स्पष्ट करते. धड्याचं सार काढून लेकरांपुढं ठेवू नये, असं मी म्हणत नाही. उलट त्याच्यावाचून आमचं कधी भागलंच नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलेलं आहे. द्विशिक्षकी शाळेत एका बाईंपुढं एकाच वेळी दोन वर्ग बसतात. म्हणजे एका वर्गाच्या वाट्याला आले ४०० तास. त्यात ज्या लेकराचे आईबाप दिवाळीच्या तोंडावर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याकडं जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात, त्याच्या वाट्याला किती आले, ते तुम्हीच मोजा. अशा वेळी बाईंना निवडावंच लागतं. ह्या धड्यातलं काय राहिलं तर चालेल आणि काय राहिलं तर लेकराचं पुढचं सगळं अडेल, हे ठरवणं म्हणजेच शिकवणं, असं मला वाटतं.

भांडण आहे ते सार कुणी काढायचं आणि कधी काढायचं ह्यावर. पुरणाची डाळ आपल्या चुलीवर शिजली तर येळवणी निघतं, त्याची आमटी होते. दुसऱ्याच्या घरची आमटी बाटलीत भरून आणली तर पोट एक वेळ भरेल, पण लेकराला डाळ शिजवता येणार नाही. आज धडा शिकवायच्या आधीच सार हातात पडतं आणि मग धडा कुणी वाचतच नाही. नातीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक मी चाळलं. कोरं करकरीत. गठ्ठ्याची पानं मात्र कोपऱ्यांत मळलेली.

आमच्या तांड्यावरच्या शाळेत मी १९९० च्या सुमारास एक रीत सुरू केली. शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या पाऊण तासात पुस्तकं मिटायची, दप्तरं भिंतीकडं सरकवायची आणि वहीचं एक पान काढायचं. आठवड्यात जे शिकलो त्यातलं जे आठवतं ते निळ्या पेनानं लिहायचं. चित्र काढा, बाण काढा, अर्धी वाक्यं लिहा, चालेल. आठवणं थांबलं की पुस्तक उघडायचं आणि जे राहून गेलं ते हिरव्या पेनानं त्याच पानावर घालायचं. पान एकच. मागची बाजू वापरायची नाही. जागा कमी पडली तर काय गाळायचं, ते लेकरानं ठरवायचं, आणि का गाळलं हे मला सांगायचं. पहिली-दुसरीची लेकरं पाटीवर चित्रं काढायची, ती मी वहीत उतरवून घ्यायची. तांड्यावर घरची बोली गोरमाटी. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. पानावर लेकरानं आपला शब्द आधी लिहिला तरी मी तो खोडला नाही, शेजारी मराठी शब्द लिहायला लावला. पुढच्या वर्षी तीच लेकरं आपणहून दोन्ही लिहू लागली.

हिरव्या पेनाचा उपयोग लेकरांपेक्षा मला जास्त झाला. एका शनिवारी ‘पाण्याची रूपं’ ह्या आठवड्याची पानं तपासायला बसले. १९ वह्या होत्या. १९ च्या १९ वह्यांत ‘बाष्पीभवन’ हिरव्यानं. म्हणजे एकालाही ते आपलं आपण आठवलं नव्हतं. शब्द मी फळ्यावर तीनदा लिहिला होता, लेकरांनी माझ्यामागं दहादा म्हटला होता. चूक माझी होती, शब्द दिला आणि वस्तू दाखवली नाही. सोमवारी ताटलीत थोडं मिठाचं पाणी घेतलं आणि वऱ्हांड्याच्या पत्र्यावर उन्हात ठेवलं. मार्चचं ऊन. खिचडीच्या सुट्टीत ताटली खाली काढली तर पाणी गायब, तळाशी पांढरा थर. एका पोरानं बोट लावून चाटलं आणि ओरडला, ‘मीठ ऱ्हायलंय, पाणीच गेलंय!’ त्या शनिवारी सगळ्यांच्या पानावर ताटली निळ्या पेनानं होती. काहींनी ‘बाष्पीभवन’ चुकीचं लिहिलं होतं. ते सुधारायला दोन मिनिटं लागली.

म्हणून म्हणते, सार हे धड्यानंतरचं काम आहे. आणि सारात काय घालायचं ह्यालाही डोकं लागतं. गणिताचं उदाहरण देते. मराठीत ११ ते ९९ आकडे शिकताना लेकरं अडतात ती ऐकण्यात. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर, मग लेकरू ३६ लिहितं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या ‘वीस तीन’ अशा वाचायला दिल्या तेव्हा केवढा वाद झाला, ते वाचकांच्या लक्षात असेल. माझं मत विचाराल तर बाजारात तेवीसच म्हणायचं आहे, पण तेवीसच्या पोटात वीस आणि तीन आहेत हेही लेकराला एकदा दिसलं पाहिजे. नातीच्या गठ्ठ्यात १ ते १०० अंकी आणि अक्षरी असा अख्ख्या पानाचा तक्ता आहे. तक्त्यानं काही उलगडत नाही. आमच्या वर्गात त्याच्या जागी एक ओळ असायची: ‘एकोण म्हणजे एक उणा.’ एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक उणा. १९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९ आणि ८९, असे आठ आकडे एका ओळीत सुटतात. दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, ‘मॅडम, मग ९९ ला एकोणशंभर का नाही?’ नाही, ते नव्व्याण्णव. ती आपल्या भाषेची लहर. पण ज्या लेकरानं हा प्रश्न विचारला त्याला नियम समजला, हे मला त्याच क्षणी कळायचं.

मराठीच्या पानाचंही तसंच. तिसरीच्या लेकरांना ‘र’ छळतो. तो कधी डोक्यावर बसतो, कधी पायाशी. मी शुद्धलेखनाचे नियम पाठ करून घेतले नाहीत. चार शब्दांची चार चित्रं काढायला लावली: खुर्ची, चक्र, ट्रॅक्टर, पायऱ्या. चारही शब्दांत र आहे आणि चारही ठिकाणी त्याचं रूप वेगळं. खाली एक इशारा, ‘कृषी’तला कृ ह्या कुटुंबातला नाही. एवढं एका पानावर बसलं की लेकरू पुढं ‘दुसऱ्या’ लिहिताना पायऱ्या आठवतं. इंग्रजीचं फार सांगत नाही. आमच्या काळी ती पहिलीपासून आली तेव्हा आम्हीच तिच्याबरोबर शिकत होतो.

पण ह्या पानाची खरी ताकद मला कळली ती विषयांच्या भिंती पडल्या तेव्हा. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली, १० वाघिणी म्हणजे टाकीचे डबे, एकेका वाघिणीत ५० हजार लिटर. तेव्हा मी रेणापूर तालुक्यातल्या शाळेत पाचवीला होते. निम्म्या लेकरांचे मामा-मावश्या लातूर शहरात राहणारे, त्यांनी ती गाडी पाहिलेली. पाहिलेली गोष्ट सोडून मी पुस्तकातली ‘पाण्याचे महत्त्व’ कशाला शिकवू? जूनमध्ये शाळा उघडली तशी आम्ही मैदानावर फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, एक गुंठा आखला. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. दोरी धरायला चार पोरं चार कोपऱ्यांवर. शेतकऱ्यांची लेकरं ती, रोज घरात गुंठे आणि एकर ऐकणारी, पण गुंठा एवढा असतो हे त्यांनी असं उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आमचं घर ह्याच्यात बसतंय आणि उरतंय.’ मीटरची टेप लावली तर बाजू जवळजवळ १० मीटर भरली. म्हणजे गुंठा हा १०० चौरस मीटर धरा. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

मग सरळ बाजूंचा एक पत्र्याचा डबा शोधला. तळ आणि तोंड सारख्याच रुंदीचं हवं, नाहीतर माप चुकतं, हे लेकरांनीच एक निमुळता डबा बाद करून ठरवलं. डब्यात पट्टी उभी केली आणि डबा मैदानाच्या मध्यावर, झाडापासून लांब ठेवला. त्या वर्षी देवाची कृपा, पाऊस चांगला झाला. रोज सकाळी परिपाठाच्या आधी दोघंजण मिलिमीटर मोजून फळ्यावर लिहायचे. सप्टेंबरात एका रात्री धुवाधार झाला, सकाळी डब्यात ७० मिलिमीटर भरले. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अतिवृष्टी’ शब्द आला. अतिवृष्टी कशाला म्हणतात, हा प्रश्न मग पोरांनीच काढला. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर अतिवृष्टी धरतात, असं तलाठ्यांकडून एक पोरगा विचारून आला.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे आम्ही फरशीवर मोजून पाहिलं होतं. मग ६५ मिलिमीटर म्हणजे आमच्या फक्कीच्या गुंठ्यावर ६ हजार ५०० लिटर. एकरावर त्याच्या चाळीसपट, २ लाख ६० हजार. दोन एकरांवर ५ लाख २० हजार. फळ्याच्या दुसऱ्या बाजूला रेल्वेचा हिशोब होता, १० गुणिले ५० हजार, ५ लाख. वर्गात सुई पडली तरी ऐकू आली असती. मागच्या रांगेतला एक पोरगा, जो गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघायचा, उभा राहिला. म्हणाला, ‘मॅडम, आमचं रान चार एकर हाय. मग त्या रातच्याला आमच्या रानावरनं दोन रेल्वे पाणी पडलं का?’ मी म्हटलं, हो, पडलं. ‘मग ते गेलं कुठं?’

ह्या ‘गेलं कुठं’वर पुढचे आठ दिवस गेले. काही काळ्या रानानं पिलं, भेगा मिटल्या. काही ओघळीनं नाल्याला, नाल्यानं नदीला. आपलं पाणी मांजरेला मिळतं. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं बालाघाटच्या डोंगरात निघते, धाराशिव आणि लातूर ओलांडून कर्नाटकात जाते, तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. नकाशा आपोआप उघडला गेला. सह्याद्रीनं ढग अडवले की आपल्या वाट्याला पाऊस कमी उरतो, हा पर्जन्यछायेचा धडा जो मी दर वर्षी ओरडून शिकवायची, तो त्या वर्षी लेकरांनी माझ्याकडून मागून घेतला. त्या शनिवारची पानं मी आजही पेटीत ठेवली आहेत. एकावर फक्त पाच ओळी आहेत आणि कोपऱ्यात रेल्वेचं चित्र:

१ मिमी = १ चौ.मी. वर १ लिटर
गुंठा = ३३ फूट × ३३ फूट, एकर = ४० गुंठे
६५ मिमी = अतिवृष्टी
२ एकर × ६५ मिमी = १ पाण्याची रेल्वे
पाणी गेलं: रान, विहीर, ओघळ, नाला, मांजरा

गणित, विज्ञान, भूगोल आणि गावातली बातमी, सगळं पाच ओळींत. नातीच्या ४२ पानांत पाण्यावर अडीच पानं आहेत. पहिली ओळ आहे ‘पाणी म्हणजे जीवन’. पुढं पाण्याचे उपयोग, आठ. मी तिला विचारलं, तुमच्या गच्चीवर एका मोठ्या पावसात किती पाणी पडत असेल? तिला वाटलं, एक बादली.

इतिहासाकडं येते, कारण सुरुवात तिथंच झाली. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे. गठ्ठ्यात त्याच्या सनावळीचा तक्ता आहे, मी मोजल्या, ३१ तारखा. नऊ वर्षांच्या लेकरानं ३१ तारखा कशासाठी डोक्यात ठेवायच्या? मी दोन सालं सांगत असे, जन्म १६३० आणि राज्याभिषेक १६७४, आणि वजाबाकी करायला लावत असे. ४४ वर्षं. शिवनेरीवरच्या बाळापासून रायगडावरच्या छत्रपतींपर्यंत ४४ वर्षांत काय काय घडलं, ते मधे क्रमानं भरायचं. आणि भोसले घराणं मूळ आपल्या वेरूळचं, हे लेकरांना सांगितलं की डोळे मोठे होतात. लेण्यांची सहल सगळ्यांना आठवत असते.

मुक्तिसंग्रामाचं पान मी नातीबरोबर नव्यानं केलं. गठ्ठा बाजूला ठेवला आणि तिला आधी तिच्या पणजीची ज्वारीच्या रानातली गोष्ट सांगितली. भारत १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तेव्हा आपण हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो. निजामाला भारतात यायचं नव्हतं. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक लढले, तुरुंगात गेले, गावोगाव माणसं मारली गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरलं, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. नातीनं बोटांवर मोजलं. ‘आज्जी, १३ महिने आणि दोन दिवस उशीर झाला आपल्याला.’ तेव्हा हैदराबाद संस्थानात मराठी मुलखाचे पाच जिल्हे होते, आज मराठवाड्याचे आठ आहेत. कोणते तीन वाढले, हे तिनं तिच्या बाबाला विचारून काढलं. जालना १९८१, लातूर १९८२, हिंगोली १९९९. आपला लातूर जिल्हा बाबापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठा आहे, हे कळल्यावर ती खूप वेळ हसत होती. १७ सप्टेंबर आता ती विसरणार नाही, आणि ‘कुणापासून’ हेही नाही.

एका पानाबद्दल मात्र मला कळकळीनं लिहायचं आहे. गठ्ठ्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ आहे. व्याख्या आहे, उदाहरणं आहेत, भूकंप, पूर, वादळ. लातूर जिल्ह्यातल्या शाळेच्या गठ्ठ्यात किल्लारीचं नाव नाही! ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती विसर्जनाची रात्र, माणसं दमून झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मणामणाच्या मातीचं माळवद, ते सगळं अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी त्या वेळी २८ वर्षांची होते. आमच्या गावात नुसत्या भांड्यांच्या उतरंडी पडल्या, पण चार दिवसांनी औसा तालुक्यात मदतीला गेले तेव्हा जे पाहिलं ते इथं लिहिणार नाही. आपल्याकडच्या प्रत्येक लेकराच्या पानावर हे असलंच पाहिजे, की भूकंपानं माणूस मरतो तो बहुतेक वेळा घर अंगावर पडून. कसलं घर पडलं, कसलं टिकलं, जमीन हलली तर टेबलाखाली कसं शिरायचं, डोकं कसं झाकायचं, थांबल्यावर मोकळ्यात कुठं जमायचं. व्याख्या त्यानंतर पाठ झाली नाही तरी चालेल.

आता कुणी म्हणेल, बाई, तुमच्यासारखं करायला सवड कुणाला आहे? शासनानं प्रयत्न केला नाही असं नाही. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली, वर ‘माझी नोंद’ असं छापलं. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागं घेतला. त्या पुस्तकांवर पुष्कळ टीका झाली. पण मी निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या लेकरांची ती पुस्तकं मुद्दाम उघडून पाहत असे. बहुतेकांत पानं कोरी होती, काहींत फळ्यावरची प्रश्नोत्तरं जशीच्या तशी उतरवलेली. दोनच पुस्तकांत मला लेकराची स्वतःची नोंद दिसली, आणि ती दोन्ही एकाच बाईंच्या वर्गातली होती. कागद होता. काय नोंदवायचं हे मात्र कुणी ठरवून दिलं नव्हतं, आणि ते आधी मोठ्यांनी बसून ठरवायचं असतं. पुस्तकाच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे लेकराला काय काय यायला हवं ह्याचा, तक्ता असतो. तो चांगला आहे, पण त्याची भाषा एवढी जड की पालक तर सोडाच, आम्ही शिक्षकही तो तपासणीच्या आदल्या दिवशी वाचत असू.

आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात, परिपत्रकं वाचली जातात, माहिती भरून द्यायची असते, चहा होतो, दिवस संपतो. माझी विनंती आहे की त्यातला एक तास बाजूला काढावा. एक इयत्ता, एक विषय, पुढच्या महिन्याचे धडे. ह्यातल्या कोणत्या पाच गोष्टी लेकराच्या पानावर आल्याच पाहिजेत, आणि आपल्या तालुक्यातली कोणती वस्तू दाखवून त्या शिकवता येतील? तेरच्या शिक्षकांकडं गोरोबाकाकांचं घर आहे, पैठणच्या शिक्षकांकडं नाथसागर आहे, वसमत-अर्धापूरकडं हळद आणि केळी आहेत. पान एकाच साच्याचं होऊ नये. वर्षाकाठी प्रत्येक केंद्राचे दहा-वीस चांगले तास तरी लिहून ठेवले जातील. नवीन लागलेल्या पोरापोरींना, जे आज मोबाइलवर तयार मुद्दे शोधत बसतात, त्यांना हे केवढं कामाला येईल!

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांची वही त्यांच्याबरोबर जाऊ द्या. तांड्यावरची एक मुलगी पाच महिन्यांनी कर्नाटकातल्या कारखान्यावरून परत आली. तिला वाटत होतं, आपण सगळ्यांच्या मागं पडलो, ती दारातच उभी राहिली. मी तिला मैत्रिणीची वही दिली. २० शनिवारांची २० पानं. आठवड्याभरात तिनं ती वाचून काढली, जे कळलं नाही ते मैत्रिणीलाच विचारलं. लेकरानं लेकरासाठी लिहिलेलं तिला पुस्तकापेक्षा लवकर कळत होतं. मग मी तिला म्हटलं, आता तुझं पान लिही, तिकडं काय शिकलीस ते. ती म्हणाली, ‘तिथं शाळाच नव्हती मॅडम.’ तरी बसली. तिच्या पानावर कोपी, म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी, होती, ऊस लादलेला ट्रक होता, फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढणारी आई होती. खाली लिहिलं होतं, ‘१ टन = १० क्विंटल = १००० किलो. मुकादम लिहितो, आई परत मोजते.’ त्या शनिवारी चौथीच्या सगळ्या मुलांनी वजनाची मापं तिच्या पानावरून उतरवून घेतली.

खाजगी शाळांतल्या माझ्या शिक्षक भावंडांना आणि पालकांना हात जोडून सांगणं आहे की मुद्दे पाठवा, पण धडा झाल्यावर पाठवा, आणि लेकरानं आपलं पान लिहिल्यावर पडताळायला पाठवा. सूनबाईंना मी हेच सांगितलं. त्या नोकरी करतात, रोज शिकवायला बसणं त्यांना जमत नाही. शनिवारी अर्धा तास जमतो म्हणाल्या. नातीच्या वहीत आजवर तीन पानं झाली आहेत, मुक्तिसंग्राम, एकोणचे आकडे आणि गच्चीवरचा पाऊस. गच्ची तिनं टेपनं मोजली, बाबा टेपचं दुसरं टोक धरून होता. साधारण ६० चौरस मीटर निघाली. आता ती अतिवृष्टीची वाट बघते आहे.

पत्र लांबलं, ह्याची जाणीव आहे. जागेअभावी छाटावं लागलं तर माझ्याबद्दलचं छाटा, पण पाच ओळींचं ते पाण्याच्या रेल्वेचं पान तेवढं जसंच्या तसं छापा. ज्यानं ते लिहिलं तो मुलगा आता मोठा झाला असेल, तो आपला पेपर वाचत असेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. रेणापूर, जि. लातूर